धुंधुरमासाची चूल

२१ किंवा २२ डिसेंबर हा उत्तर गोलार्धातला सर्वांत लहान दिवस, म्हणजे हिवाळी अयनदिन. लोणावळा साधारण पावणेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे त्या दिवशी सूर्य सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या सुमारास उगवतो, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांच्या आसपास मावळतो आणि दिवस जेमतेम अकरा तासांचा भरतो. भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या वर जात नाही. मे महिन्याच्या मध्यावर हाच सूर्य बरोबर डोक्यावर असतो. युरोपातल्या काळोख्या हिवाळ्याच्या तुलनेत हा फरक थोडका वाटेल. पण लोणावळ्याच्या परिसरातल्या पवन मावळात किंवा आंदर मावळात, जिथे डोंगराची सावली अंगणातून उशिरा निघते आणि धुके खाचरांवर साचून राहते, तिथे पहाटे उठणाऱ्या घराला तो चांगलाच जाणवतो.

या दिवसाचा म्हणून मावळात वेगळा सण नाही. मात्र त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन महिने स्वयंपाकघराचा सगळा क्रम बदललेला असतो. चंपाषष्ठीचे भरीत आणि रोडगा, मार्गशीर्षातले गुरुवार, धुंधुरमासातली पहाटेची खिचडी, भोगीचे खेंगट, संक्रांतीचा तिळगूळ आणि शेवटी रथसप्तमीला उतू घालवायचे दूध अशी ही ओळ लागते. सूर्य परत फिरला आहे आणि नवे धान्य घरात आले आहे, या दोन गोष्टी या सगळ्याच्या मुळाशी आहेत. हिवाळी अयनदिनाचा मावळी उत्सव म्हणायचा तो हाच, आणि त्याची जागा चुलीपाशी आहे.

सरकलेली संक्रांत

सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो डिसेंबरात; आणि उत्तरायणाचा सण मानली जाणारी मकरसंक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला. हे अंतर पडले ते पृथ्वीच्या आसाच्या संथ डोलण्यामुळे. या डोलण्याने संपातबिंदू, म्हणजे दिवस-रात्र समान असतानाचे सूर्याचे स्थान, ताऱ्यांच्या संदर्भात साधारण ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. आपली पंचांगे राशी ताऱ्यांवरून मोजतात, ऋतू मात्र संपातबिंदूवरून ठरतात. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस दोन्ही मोजण्या जुळत होत्या. तेव्हा मकरसंक्रांत हाच अयनदिन होता. त्यानंतर संक्रांत दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एकेक दिवस पुढे जात राहिली. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या संक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी. दोन्ही मोजण्यांतले आजचे अंतर २४ अंशांच्या आसपास आहे.

पंचांगात डिसेंबरच्या अयनदिनाला ‘सायन मकर’, म्हणजे संपातबिंदूवरून मोजलेली मकर, अशी बारीक नोंद असते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून १९५७ साली भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. तिच्यातला पौष महिना २२ डिसेंबरला सुरू होतो, म्हणजे तिथे महिन्याची सुरुवात थेट अयनदिनालाच बांधलेली आहे. सरकारी पत्रांच्या मथळ्यापलीकडे ही दिनदर्शिका फारशी पोहोचली नाही.

तरीही संक्रांत चुकीच्या दिवशी येते, असे म्हणणे उतावळेपणाचे ठरेल. लोणावळ्यात सूर्योदय सर्वांत उशिरा होतो तो डिसेंबरात नव्हे. तो जानेवारीच्या मध्यावर, सात वाजून बारा मिनिटांच्या सुमारास होतो. त्याच वेळी संध्याकाळ मात्र अयनदिनाच्या मानाने चौदा-पंधरा मिनिटांनी लांबलेली असते. दिवसाची एकूण वाढ अवघी सात मिनिटांची, म्हणजे रोजची सरासरी वीस सेकंदांची. दिवस तिळातिळाने वाढतो असे घरोघरी म्हणतात ते या हिशेबाला धरूनच आहे. घड्याळ नसलेल्या माणसाला ही वाढ डोळ्यांनी कळते ती संक्रांतीच्या सुमारास, गुरे घरी आल्यावरही अंगणात उजेड रेंगाळतो तेव्हा.

खाचरातून ताटात

मावळचे मुख्य पीक भात. पावसाळ्याच्या तोंडाशी रोपे, जुलैत लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग खळ्यावर झोडणी आणि पेंढ्याच्या उडव्या असे त्याचे वर्ष जाते. आज तालुक्यात सर्वाधिक नाव असलेला इंद्रायणी हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७ साली प्रसारित झाला. आंबेमोहोर १५७ आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून तो निघाला. एकाचा वास आणि दुसऱ्याचे उत्पन्न त्यात उतरले. याचा भात मऊ आणि किंचित चिकट होतो. थंडीतल्या गुरगुट्या भाताला आणि मुगाच्या खिचडीला हाच तांदूळ हवा. डिसेंबरात तो नवा असतो, पाणी कमी पितो आणि लवकर शिजतो. म्हणून वर्षभराच्या सवयीने पाणी घातले तर लगदा होतो. नव्या तांदळाला पाणी हात आखडूनच घालावे लागते.

भात निघाल्यावर खाचरात ओल उरते. त्या ओलीवर हरभरा, मसूर, वाल, पावटा, वाटाणा पेरतात. वेगळे पाणी फारसे लागत नाही. थंडीतले दव पुरते. डिसेंबरच्या अखेरीस पावट्याच्या शेंगा भरतात, जानेवारीत हरभऱ्याला घाटे येतात. परसात वांगी आणि घेवडा असतो. रानात बोरे पिकतात. डोंगरकडेच्या कातकरी आणि ठाकर वस्त्यांमधून करांदे आणि कोनफळ येते. पाऊस संपून वेल वाळला की जमिनीतला कंद भरलेला असतो. काही रानकंद कडू असतात. ते कापून, राखेच्या पाण्यात उकळून, पुन्हापुन्हा धुऊन खाण्याजोगे करतात. हे ज्ञान कोणत्याही पाकपुस्तकापेक्षा जुने आहे आणि त्याची नोंद फार थोड्यांनी घेतली आहे.

या ताटात एक पाहुणाही आहे, आणि तो ताटाच्या मधोमध बसतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पूर्वेला साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात तो सातशेच्या आसपास येतो. बाजरीला कोरडी हवा लागते, म्हणून मावळच्या भोगीची बाजरी शिरूर, जुन्नर, नगर या बाजूची. तीळही बाहेरचेच, गूळ उसाच्या पट्ट्यातला. पूर्वी मावळचा तांदूळ घाटमाथ्यावरून देशावर जाई आणि देशावरची बाजरी, ज्वारी, गूळ इकडे येई. एका भाकरीत आणि एका लाडवात पर्जन्यछायेचा सगळा भूगोल येतो तो असा.

थंड देशांतल्या अयनदिनाच्या स्वयंपाकाशी तुलना केली की मावळचे वेगळेपण नीट दिसते. उत्तर युरोपात या काळात जमीन गोठलेली असते. तिथला सणाचा स्वयंपाक साठवणीचा असतो: सुकामेवा, खारवलेले मांस, मसाले, दारूत मुरवलेली फळे. इराणमध्ये शब-ए-यल्दाच्या रात्री डाळिंबे आणि राखून ठेवलेली कलिंगडे खातात. जपानात या दिवशी उन्हाळ्यातला साठवलेला भोपळा शिजवतात आणि युझू नावाची लिंबे टाकलेल्या गरम पाण्याने अंघोळ करतात. मावळात मात्र नेमक्या याच दिवसांत ओल्या भाज्यांची वर्षातली सर्वांत मोठी आवक असते. तिथल्या सणात टंचाईतून तग धरण्याचा निर्धार असतो, इथल्या सणात भरलेल्या टोपलीचा आनंद.

उजाडायच्या आत

सूर्य धनू राशीत असतो तो काळ, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा, धनुर्मास किंवा धुंधुरमास म्हणून ओळखला जातो. अयनदिन बरोबर त्याच्या पोटात येतो. या महिन्यातल्या निदान एका दिवशी सूर्य उगवायच्या आत स्वयंपाक करून नैवेद्य दाखवायचा आणि उजाडता उजाडता जेवायचे, अशी रीत आहे. मुगाच्या डाळीची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचे भरीत, ओल्या दाण्यांची भाजी, तिळाची चटणी, गूळ हे त्यातले ठरलेले पदार्थ. ही रीत सर्व घरांत नव्हती. पांढरपेशा वैष्णव घरांत ती जास्त नेमाने पाळली गेली. शेतकऱ्याच्या घरी पहाटे चूल पेटवणे हा रोजचाच भाग होता. कामाला निघण्याआधी गरम भाकरी खाण्यासाठी त्याला वेगळ्या व्रताची गरज नव्हती.

आयुर्वेदाने या जेवणाला आधार दिला आहे. वाग्भटाच्या ऋतुचर्येत हेमंत ऋतूत जठराग्नी सर्वांत प्रबळ असतो. त्याला पुरेसे इंधन मिळाले नाही तर तो शरीराच्या धातूंनाच जाळतो. म्हणून या काळात स्निग्ध, गोड आणि पचायला जड अन्न सांगितले आहे. रात्र लांब असल्याने सकाळी भूक लवकर लागते, असेही तिथे म्हटले आहे. पहाटेच्या खिचडीचे यापेक्षा सरळ कारण शोधण्याची गरज नाही.

डिंकाचे, अळिवाचे आणि मेथीचे लाडू याच दिवसांत वळतात. डिंक तुपात थोडा थोडा टाकून तळावा लागतो. एकदम टाकला तर बाहेरून फुलतो आणि आत दगड राहतो, तो दाताखाली येतो.

खेंगट आणि भाकरी

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. ‘न खाई भोगी, तो सदा रोगी’ ही म्हण पश्चिम महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी घर झाडून, सारवून, तीळ वाटून लावून न्हायचे आणि मग खेंगट करायला घ्यायचे. खेंगट म्हणजे या दिवसाची मिसळीची भाजी. घेवडा, पावटा, वाटाणा, सोलाणे, भुईमुगाचे ओले दाणे, वांगी, गाजर आणि मूठभर बोरे तिच्यात येतात. चिंच, गूळ, तिळाचे आणि दाण्याचे कूट तिला अंगची चव देतात.

ही भाजी एकदम सगळे टाकून होत नाही. पावटा आणि भुईमुगाचे दाणे शिजायला वेळ घेतात, ते आधी. मग घेवडा आणि गाजर, नंतर वांगी. बोरे अगदी शेवटी, कारण ती फुटली की रस्सा आंबट होतो. कूट उतरवण्याच्या आधी पाच मिनिटे घालायचे. जास्त उकळले तर तेल सुटून तळाशी लागते. भाजी दाट हवी, पण दाणा दाण्याशी ओळखू यायला हवा. शहरातल्या भाजीवाल्यांकडे ‘भोगीची भाजी’ म्हणून कापलेल्या भाज्यांची पिशवी मिळते. वेळ नसलेल्यांची ती सोय होते खरी, पण सगळे तुकडे एकाच मापाचे असल्याने वांग्याचा गाळ होतो आणि पावटा कच्चा राहतो.

बाजरीच्या पिठात चरबीचे प्रमाण तांदळापेक्षा आणि गव्हापेक्षा जास्त असते, आणि ती चरबी फोडणारी विकरेही त्यातच असतात. त्यामुळे दळण काही दिवसांतच कडवट होते. भोगीसाठी पीठ ताजेच लागते, आणि चक्कीवर आदल्या दिवशी रांग लागते ती त्यामुळे. बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नसल्याने पीठ गरम पाण्यात मळतात, तळहाताच्या मुळाने रगडतात. गोळा परातीत थापताना खाली कोरडे पीठ आणि वर ओला हात फिरवून तीळ पेरतात. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायचे. ते सुकत आले की उलथायची, आणि शेवटी आरावर फुगवायची. पाणी लावायला उशीर झाला की भाकरीला चिरा पडतात आणि ती फुगत नाही. हे सगळे मिनिटा-दोन मिनिटांचे काम आहे, आणि हातात बसायला वर्षे लागतात.

बाहेरचा नमुना पाहायचा तर लातूर-धाराशिवकडच्या वेळ अमावस्येकडे पाहावे. मार्गशीर्ष अमावस्या अयनदिनाच्या आगेमागेच येते. त्या दिवशी तिकडची गावे शेतात जातात. ओल्या शेंगा आणि पालेभाज्यांची भज्जी आणि ताकातले आंबील शेतातच जेवतात. मावळात शेतातले घरात येते, मराठवाड्यात घर शेतात जाते. पदार्थ जवळपास तेच.

पाकाची परीक्षा

लाडू, वडी, हलवा आणि चिक्की ही चारही पाकाची रूपे आहेत, आणि पाक म्हणजे किती पाणी उडवायचे याचा हिशेब. गूळ उकळू लागला की पाणी कमी होते आणि उष्णता चढते. ११५ अंश सेल्सियसच्या आसपास पाकाचा थेंब वाटीतल्या गार पाण्यात टाकला तर मऊ गोळी होते. हा तिळगुळाच्या मऊ लाडवाचा आणि वडीचा पाक. १४५ ते १५० अंशांवर तोच थेंब पाण्यात पडताच काचेसारखा कडक होतो आणि दाबला की टचकन तुटतो, हा चिक्कीचा. दोन्हींच्या मध्ये थांबले तर लाडू दगडासारखे होतात आणि चिक्की दाताला चिकटते. घराघरांतली वाटीतल्या पाण्याची ही परीक्षा तापमापकाइतकीच भरवशाची आहे.

लोणावळ्याची चिक्की याच पाकातून आली. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला. त्या काळी घाटात राबणाऱ्या कामगारांसाठी गूळ आणि शेंगदाण्यांची गुडदाणी विकली जाई, आणि तिचीच पुढे चिक्की झाली, अशी हकीकत लोणावळ्यात सांगतात. स्वस्त, टिकाऊ, खिशात मावणारे आणि अंगात ऊब आणणारे खाणे डोंगरातल्या मजुराला हवेच होते. आज ती बारा महिने विकली जाते. पण गूळ हवेतली ओल ओढून घेतो, म्हणून पावसाळ्यात बरणी उघडी राहिली की चिक्की तासाभरात ओलसर होते. तिचा खरा मोसम कोरड्या थंडीचा आहे. नवा गूळ आणि नवे तीळ बाजारात येतात तेही तेव्हाच. पर्यटकांची गर्दी मात्र पावसाळ्यात.

हलव्याला तर थंडीवाचून गत्यंतर नाही. परातीत तीळ किंवा खसखस घेऊन मंद शेगडीवर ठेवायची, साखरेचा पाक चमच्याने थेंब थेंब सोडायचा आणि बोटांनी दाणे सतत हलवत राहायचे. प्रत्येक थेंब दाण्यावर सुकून त्याचे स्फटिक बनतात, आणि थरावर थर चढत काटे फुटतात. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटतात. हवा दमट असली तर काटा येतच नाही. म्हणून हे काम पहाटेच्या गारठ्यात, दोन-तीन दिवस थोडे थोडे करतात. या हलव्याचे दागिने नव्या सुनेला आणि तान्ह्या बाळाला घालतात. बोरन्हाणाला बाळाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे आणि हलवा ओततात, आणि भोवतीची मुले ते वेचून खातात. मोसमात येणाऱ्या सगळ्या फळांची ओळख मुलाला करून देण्याची यापेक्षा प्रेमळ रीत सापडणे कठीण.

तीळ खाल्ल्याने हाडांना चुना मिळतो, असे दरवर्षी छापून येते. तिळात कॅल्शियम भरपूर आहे, पण त्यातले बरेचसे सालीत, ऑक्झलेटच्या रूपात असते आणि शरीराला ते पूर्ण मिळत नाही. तिळाचे मोठे देणे आहे ते तेल. दाण्याच्या वजनाचा निम्मा भाग तोच असतो, आणि थंडीत ऊब देतो तोही तोच.

मीठ, मोहरी आणि निखारा

पश्चिमेकडे गेल्या काही दशकांत ‘किचन विच’ म्हणवून घेणाऱ्या स्त्रियांची एक परंपरा वाढली आहे. अयनदिनाला, म्हणजे त्यांच्या ‘यूल’ला, ओंडका पेटवणे, दालचिनी आणि संत्र्याच्या सालीचा धूर करणे, भाकरीवर खूण कोरून मनातली इच्छा बोलणे असे विधी त्या करतात. मावळच्या स्वयंपाकघराला यातले काही नवे वाटणार नाही. पहिल्या भाकरीचा तुकडा चुलीला देणे, जेवणाआधी गाईला आणि कावळ्याला घास काढणे, संक्रांतीच्या सुगडात हरभरा, गाजर, बोरे, ऊस, गव्हाची ओंबी आणि तिळगूळ भरून ते एकमेकींना देणे, हळदी-कुंकवाच्या बोटांनी मडक्याला पाच रेघा ओढणे या सगळ्यात हेतू तोच आहे: घरात आलेल्या धान्याची कृतज्ञता आणि पुढच्या वर्षाची मागणी.

दृष्ट काढण्याचा विधीही स्वयंपाकघराच्या सामानातच होतो. मूठभर मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या मुलावरून ओवाळून निखाऱ्यात टाकतात. मोहरी तडतडते, मीठ फुटते. मिरचीचा ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती असे समजतात. यातून मुलाचा ताप उतरत नाही. पण दिवसभर किरकिरणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन आजी पाच मिनिटे केवळ त्याच्याकडेच लक्ष देते, हे त्यातले खरे औषध आहे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आपल्याकडे चेटकीण किंवा डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढले गेले आहे. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आणि अशा छळाविरुद्धच्या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. अघोरी उपचार, भानामतीच्या नावाने छळ, चमत्काराच्या नावाने लुबाडणूक हे त्यात गुन्हे आहेत. घरातल्या नैवेद्याला आणि सुगडाला त्याची आडकाठी नाही. सीमा स्पष्ट आहे: कोणाला भीती घालायची नाही, कोणाला दोषी ठरवायचे नाही, पैसे उकळायचे नाहीत आणि आजाऱ्याला दवाखान्यात नेण्यात उशीर करायचा नाही. विधी या मर्यादेत राहिला तरच तो चुलीपाशी शोभतो.

घाटाखालची पोपटी

लोणावळ्याच्या कड्याखाली खोपोली-कर्जतच्या पट्ट्यात याच दिवसांत पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी आणि कडेने भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, ओवा, जाडे मीठ, हवे तर बटाटे, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी. वरून पुन्हा पाला. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवतात. पाण्याचा थेंबही नाही. शेंगांच्या स्वतःच्या वाफेवर आणि पाल्याच्या उग्र वासावर सगळे शिजते. शेंगा ओल्या आणि भांबुर्डा हिरवा असेतो, म्हणजे फार तर फेब्रुवारीपर्यंत, हा पदार्थ होतो. त्यानंतर कितीही पैसे मोजले तरी तो मिळत नाही.

रथसप्तमी

माघ शुद्ध सप्तमीला हा हंगाम संपतो. अंगणात तुळशीपाशी गोवऱ्या पेटवून मातीच्या बोळक्यात दूध ठेवतात, सूर्याकडे तोंड करून ते उतू जाऊ देतात आणि उरलेले दूध प्रसाद म्हणून घेतात. एरवी उतू गेलेल्या दुधाची हळहळ करणारे घर त्या दिवशी ते मुद्दाम सांडू देते. संक्रांतीपासून चाललेली हळदी-कुंकवेही त्या दिवशी थांबतात.

मळवली स्टेशनजवळच्या भाजे लेण्यांत, इसवी सनाच्या आधी कोरलेल्या एका विहाराच्या ओसरीत एका दाराच्या दोन बाजूंना दोन शिल्पे आहेत. चार घोड्यांच्या रथातला पुरुष आणि हत्तीवर बसलेला पुरुष. अनेक अभ्यासक त्यांना सूर्य आणि इंद्र मानतात. रथसप्तमी सूर्याची, भोगी इंद्राची. शिल्पांचा या सणांशी थेट संबंध जोडायला काही पुरावा नाही, पण लेण्याच्या पायथ्याशी दर हिवाळ्यात पावटा आणि हरभरा पिकतो.

वडगाव, कामशेत, तळेगावच्या बाजारांत डिसेंबर-जानेवारीत आजूबाजूच्या गावांतल्या बायका पावटा, सोलाणे, घेवडा, बोरे आणि नवा इंद्रायणी घेऊन बसतात. खाचरांच्या जागी बंगले आणि प्लॉट वाढत आहेत, आणि ओलीवरचे रब्बी पीक सर्वांत आधी तिथे संपते. लोणावळ्याला जाणाऱ्याने परतताना चिक्कीचा डबा जरूर घ्यावा. पण त्याआधी गाडी बाजारात थांबवून दोन किलो पावटा आणि पाच किलो नवा तांदूळ या बायकांकडून, भाव न पाडता विकत घ्यावा.